फो नाही, निलंगा राइस आहे

नांदेडच्या वजिराबादेतून श्रीनगरच्या दिशेनं संध्याकाळी पायी निघालं की चायनीजच्या गाड्या मोजायचा नाद लवकरच सोडावा लागतो. लाल पाटी, तिच्यावर पिवळी अक्षरं, खाली ड्रॅगन आणि ड्रॅगनच्या शेपटीपाशी मालकाच्या कुलदैवताचं नाव, असा थाट. मंच्युरियन, शेजवान राइस, ट्रिपल राइस, नूडल्स हाफ-फुल. यातलं बरंचसं चीनमध्ये मागून मिळणार नाही. मंच्युरियन तर १९७०च्या दशकात मुंबईत नेल्सन वांग यांनी जन्माला घातलं, असं सांगतात. पण त्यावरून नाक मुरडण्यात अर्थ नाही. नांदेडनं ते आपलं मानलं, त्यात हिरवी मिरची वाढवली, विषय मिटला.

माझ्या डोक्यात मात्र दुसरंच खूळ होतं. हनोईहून परत येऊन फार काळ लोटला नव्हता आणि तिथला फो काही केल्या जिभेवरून उतरत नव्हता. लग्नासाठी नांदेडला आलो होतो, पुढं बहिणीकडं लातूरला जायचं होतं. लग्नघरातल्या एका कॉलेजकुमाराला सहज विचारलं, ''इथं व्हिएतनामी काही मिळतं का रे?'' मोबाइलमधून डोकं वर न काढता तो म्हणाला, ''काका, कोरियन रामेन मिळंल. पाकिटातलं.''

हनोईच्या जुन्या पेठेला छत्तीस गल्ल्यांची पेठ म्हणतात. चांदीवाल्यांची गल्ली, साखरवाल्यांची गल्ली असा तो प्रकार. आपल्याकडं कासारगल्ली नि तांबोळगल्ली असते तसाच. त्यातल्या एका गल्लीत घराच्या ओट्यावर एका बाईनं फोचं दुकान मांडलं होतं. दुकान म्हणजे काय, तर एक मोठी डेग, एक लाकडी ओंडका, त्यावर सुरा आणि फुटपाथवर प्लास्टिकची बुटकी स्टुलं. त्यांवर बसलं की गुडघे हनुवटीला लागतात. मेनूकार्ड नाही. काय हवं हेही कुणी विचारत नाही. बसलात त्या अर्थी तुम्हाला फो हवाय. बाई बांबूच्या दांड्याच्या चाळणीत तांदळाच्या शेवया घ्यायची, उकळत्या पाण्यात बुडवायची, दोन झटके देऊन निथळायची आणि वाडग्यात सोडायची. वर मांसाचे पातळ काप, मूठभर कांद्याची पात आणि त्यावर डेगीतला वाफाळता रस्सा. मिनिटभराचं काम. टेबलावर लिंबाच्या फोडी, लसूण मुरवलेला शिरका, लाल मिरचीचे तुकडे आणि रश्शात बुडवून खायला पिठाच्या तळलेल्या कांड्या. माझ्या एका बाजूला ऑफिसला निघालेला गृहस्थ, दुसऱ्या बाजूला पाठीला दप्तर लावलेली मुलगी. कुणी गप्पा मारत बसत नव्हतं. वाडगं तोंडाला लावायचं, पैसे द्यायचे, निघायचं. उन्हं वर आली की डेग रिकामी, स्टुलं एकात एक घालून भिंतीशी, आणि ओट्यावर घरच्यांची मोटारसायकल लावायला जागा मोकळी.

रश्शाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण फो म्हणजे रस्साच. बाकी सगळं त्याच्या सोबतीला. हाडं तासन् तास मंद आचेवर ठेवतात. आलं आणि कांदा थेट विस्तवावर काळपट होईपर्यंत भाजून त्यात टाकतात. मग चक्रफूल, दालचिनी, मसाला वेलदोडा. पहिला घोट घेतला तेव्हा हा वास ओळखीचा आहे एवढं कळलं. कुठला, ते काही केल्या आठवेना.

फो काही पुराणकाळापासूनचा पदार्थ नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर व्हिएतनाममध्ये, नाम दिन्ह आणि हनोईच्या बाजूला तो रुजला. फ्रेंच अंमल होता, साहेबाला गोमांस लागे, हाडं उरू लागली आणि ती डेगीत गेली. पुढं १९३९च्या सुमारास सोमवारी आणि शुक्रवारी गोमांस विकायला बंदी आली, म्हणून त्या दिवसांपुरता कोंबडीचा फो निघाला, असं सांगतात. तो मग कायमचाच राहिला. मी तोच खाल्ला. आमच्या सौभाग्यवती शुद्ध शाकाहारी, पण त्यांचंही अडलं नाही. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला तिथल्या कित्येक घरांत मांस वर्ज्य असतं, त्यामुळं निव्वळ शाकाहारी खाणावळी गावोगाव आहेत. १९५४ साली देश दुभंगला, उत्तरेतली लाखो माणसं दक्षिणेला गेली आणि फो त्यांच्या बोचक्यातून सायगावला पोचला. तिथं त्याच्या जोडीला मोड आलेले मूग आणि रानतुळशीसारख्या पाल्याची ताटली आली. १९७५ नंतर निर्वासितांबरोबर तो पॅरिस, कॅलिफोर्निया, सिडनी असा पसरला. आज जगात ज्याला कोपऱ्यावरचं व्हिएतनामी हॉटेल म्हणतात, ते बहुतेक ठिकाणी अशाच कुणातरी घर सुटलेल्या माणसानं पोटासाठी मांडलेल्या चुलीपासून सुरू झालं.

नांदेडमध्ये फो मिळाला नाही. पण परमुलुखातून आलेली चूल बघायची, तर त्यासाठी नांदेडसारखं गाव नाही. गुरू गोविंदसिंगजी १७०८ साली इथं गोदाकाठी मुक्कामाला आले आणि इथंच त्यांनी देह ठेवला. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात सचखंड साहिबची इमारत बांधून घेतली. पंजाबातून आलेल्यांपैकी कित्येक घराणी इथंच राहिली. त्यांना आज दखनी शीख म्हणतात.

लग्नघरचा पोह्यांचा नाश्ता चुकवून मी सकाळी लंगरला गेलो. डोक्याला रुमाल बांधला, पाय धुतले, पंगतीत जाऊन बसलो. पुढ्यात खणांची स्टीलची थाळी आली. सेवेकरी ''परशादा जी, परशादा'' करत रोट्यांची टोपली घेऊन फिरत होता. इथं रोटी ताटात टाकत नाहीत. दोन्ही हात पुढं पसरायचे, मग ती हातावर मिळते. माझ्या शेजारच्या परभणीच्या गृहस्थांनी एकच हात पुढं केला, तसा सेवेकरी थांबला, दाढीतल्या दाढीत हसला आणि अस्सल नांदेडी मराठीत म्हणाला, ''काका, दोन्ही हात करा की.'' डाळ काळ्या उडदाची, घट्ट, तिखटाचा बाऊ न करणारी. महाराष्ट्रभर हॉटेलांत पंजाबी म्हणून जो लाल तेलाचा तवंग देतात, त्याचा या डाळीशी काडीचा संबंध नाही. माझ्या मते ही डाळ खाल्लेला माणूस पनीर अमुकतमुक परत मागवणार नाही, पण लग्नाच्या केटररला हे सांगणार कोण? आतल्या बाजूला रोट्या लाटायला बायका बसल्या होत्या. काही पंजाबातून आलेल्या, तर दोघी नऊवारीतल्या. पीठ सारखं समोर येत होतं आणि गप्पा चालू होत्या.

हीच पंगत रेल्वेतही चालते. नांदेडहून अमृतसरला जाणाऱ्या सचखंड एक्स्प्रेसमध्ये माणसं घरून डबे नि ताटल्या घेऊनच चढतात, कारण वाटेतल्या ठरावीक स्थानकांवर सेवेकरी बादल्या घेऊन उभे असतात. चूल गावात मुरते म्हणजे काय, ते नांदेडला दिसतं. तीनशे वर्षांत चवीनं आपला पंजाबीपणा सोडला नाही. वाढणाऱ्याची भाषा मात्र इथली झाली.

नांदेडची दुसरी बाहेरची चूल हैदराबादेची. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता, तेव्हा तिला बाहेरची म्हणावं की नाही हाच प्रश्न आहे. देगलूर नाक्याकडं दुपारी तहरी खाल्ली. हळदीचा पिवळा भात, त्यात बटाटा आणि वाटाणा, सोबत पातळ आंबट चटणी. मालकानं ताटलीवर उलटी वाटी मारून भाताचा डोंगर केला आणि वर एक तळलेली मिरची खोचली. शेजारच्या बाकड्यावर हमाल, रिक्षावाले आणि एक वकीलसाहेब एकाच वेगानं जेवत होते. तहरी चांगली होती. पण खरं सांगायचं तर माझं मन पुढच्या भातावर होतं.

लातूरची एसटी विष्णुपुरीवरून निघते. डाव्या-उजव्या अंगाला धरणाचं पाणी, विद्यापीठ, इंजिनिअरिंग कॉलेज हे मागं पडलं की सोनखेड, लोहा, माळाकोळी. मार्गशीर्ष चालू होता. तूर उभी होती, हरभरा घाट्याला आला होता. अहमदपूरला बसमध्ये एक आजी चढल्या, त्यांच्या पिशवीतून ओल्या वालाच्या नि वाटाण्याच्या शेंगा डोकावत होत्या. वेळा अमावस्या तोंडावर आलेली. लातूर-धाराशिव भागात त्या दिवशी अख्खं गाव शेतात जेवायला जातं आणि लातूर शहरात भर दुपारी बाजारपेठ ओस पडते. कडब्याची कोप, तीत पांडवांची पूजा, मडक्यातली आंबील, बाजरीचे उंडे आणि मुख्य म्हणजे भज्जी. हरभऱ्याचा पाला, मेथी, चुका, कांद्याची पात, तुरीचे नि वाटाण्याचे ओले दाणे, भुईमूग, गाजर, वांगं, रानात त्या वेळी जे हिरवं असेल ते सगळं डाळीच्या पिठात आणि ताकात एकत्र शिजवायचं. सायगावात पाल्याची ताटली बघून आपले टूरवाले चकित होतात. त्यांनी एकदा वेळा अमावस्येला औशाच्या एखाद्या शेतात यावं. फरक इतकाच की तिकडं पाला कच्चा, ज्याला जेवढा हवा तेवढा तोडून वाडग्यात टाकतात. आपल्याकडं तो घरच्या बाईनं आधीच ठरवून शिजवलेला असतो.

लातूरला उतरल्यावर बहिणीकडं जायच्या आधी गंजगोलाईत गेलो, कारण येसर घ्यायचा होता. पुण्यात मिळतो त्याला चव नसते. गोलाईचं बांधकाम १९१७ सालचं. मधोमध गोल इमारत, आत जगदंबेचं देऊळ आणि तिथून सोळा रस्ते फुटतात. एकेका रस्त्याला एकेक माल: सराफा, कापड, भुसार, भांडी. हनोईच्या छत्तीस गल्ल्यांत चुकलो होतो, इथंही चुकतो; फक्त इथं रस्ता विचारला तर सांगणारा माणूस सोबतच चालायला लागतो.

मसाल्याच्या दुकानात उघडी पोती मांडलेली. भाजलेली धान्यं, डाळी आणि खडा मसाला एकत्र दळून येसर करतात. लग्नकार्यात नि भंडाऱ्यात येसर आमटीला तो लागतोच. मालक पुडी बांधत होते आणि मी सवयीनं पोत्यांवर नाक नेत चाललो होतो. धने, दगडफूल, नागकेशर. एका पोत्याशी थबकलो. आठ पाकळ्यांचं तपकिरी चक्रफूल. त्याला लागून दालचिनीची जाड साल. हनोईतल्या त्या डेगीचा वास हाच होता, आणि तो आमच्या घरच्या काळ्या मसाल्याचाही होता.

''हे कुठून येतं, मालक?''

''वाशीहून.''

''वाशीला कुठून?''

त्यांनी काउंटरवरचा चष्मा लावला, पोत्यावरची चिठ्ठी बघितली. ''व्हिएतनाम. दोन्ही बी.''

यात नवल असं काही नाही, हे नंतर लक्षात आलं. चक्रफुलाची झाडं उत्तर व्हिएतनामात लांग सॉनच्या डोंगरात आहेत, दालचिनीची येन बाईकडं. आपल्याकडं बाजारात दालचिनी म्हणून जी स्वस्त, जाड साल मिळते ती बहुतेक कॅसिया, आणि तिचा मोठा हिस्सा व्हिएतनाममधूनच येतो. केरळची वा सिंहलची पातळ दालचिनी महाग पडते. म्हणजे मी नांदेडभर व्हिएतनामी हॉटेल शोधत होतो आणि व्हिएतनाम बहिणीच्या मसाल्याच्या डब्यात आधीच येऊन बसलं होतं. मालकांना हे सांगितलं. ते म्हणाले, ''तिकडं आमटीत घालतेत का मग?'' म्हटलं, ''आमटीच समजा. फक्त डाळ नसते.'' डाळ नसलेल्या आमटीचा विचार करून त्यांनी मान हलवली आणि पुडीला दोरा गुंडाळला.

भाची बारावीला आहे, नीटची तयारी करते. लातूरमध्ये हे वेगळं सांगायला लागत नाही. उद्योग भवनाच्या बाजूचा ट्यूशन एरिया सकाळी सहालाच पोरापोरींनी फुललेला असतो. नांदेड, बीड, परभणी, पार सोलापूरपर्यंतची मुलं इथं खोल्या करून राहतात. त्यांच्या मागोमाग मेस आल्या, डबेवाल्या मावशी आल्या आणि चौकाचौकांत निलंगा राइसच्या गाड्या आल्या. भाची म्हणाली, ''मामा, तुम्हाला फुटपाथवरचंच खायचं असंल तर उद्या क्लासच्या आधी माझ्याबरोबर चला.''

निलंगा हे लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आणि तिथला हा भात. पण आज त्याच्या पाट्या पुण्यातही दिसतात. ट्यूशन एरियातल्या त्या गाडीवर एक भलं मोठं पातेलं होतं. मालक तरुण, डोक्याला मफलर. आम्ही पोचलो तेव्हा नवा घाणा चालला होता. तेल तापलं, मोहरी तडतडली, कढीपत्त्याचा फुलोरा उडाला. ठेचलेला लसूण आणि उभी चिरलेली हिरवी मिरची पडली तशी रांगेतली चार पोरं एकदम खोकली. शेंगदाणे आधी तळून बाजूला ठेवलेले, ते शेवटी. हळद पडल्यावर मोकळा शिजवलेला भात पातेल्यात ओतला आणि मोठ्या उलथन्यानं तो खालून वर असा फिरवला की एक शीतही पांढरं राहिलं नाही आणि मोडलंही नाही. ताटलीत भात, बाजूला चिरलेला कांदा, लिंबाची फोड, वरून कोथिंबीर.

''मामा, आणखी वाढू?'' मालकानं विचारलं. भाचीचा मामा तो गाडीवरच्या सगळ्यांचाच मामा.

इथंही मेनूकार्ड नव्हतं. रांगेतला माणूस नुसतं बोट दाखवायचा, एक किंवा दोन. चव साधी. लसूण पुढं, हळद मागं, मध्ये शेंगदाण्याचा कुरकुरीतपणा. आणि लिंबू पिळल्यावर सगळं एकदम जागं होतं. हनोईच्या फोत खोली आहे. रात्रभराच्या आचेनं येणारी ती खोली या भातात नाही, आणि ती असावी असा त्याचा हट्टही नाही. रात्री दोनपर्यंत फिजिक्सची गणितं केलेल्या पोराला सकाळी सहाला जे हवं ते यात आहे: गरम, तिखट, पोटभर आणि खिशाला परवडणारं.

बाकी माल आसपासचाच. या जिल्ह्यातली पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्तीची कोथिंबीर यांना २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गाडीवरची कोथिंबीर कास्तीची आहे का, असं विचारायचं मनात आलं होतं, पण मागं पोरांची रांग वाढत होती.

खाता खाता एक विचार आला. २०१६च्या उन्हाळ्यात या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. फो करायचा तर डेगीभर पाणी, शेवया बुडवायला वेगळं पाणी, शंभर वाडगी विसळायला आणखी. जिथं एप्रिल आला की टँकरचं वेळापत्रक तोंडपाठ होतं, तिथं नाश्त्याला कोरडा, मोकळा भात नि कागदी ताटली चालावी यात पाण्याचाही हात असणार. ही माझी समजूत, खानावळवाल्यांनी हसून सोडून द्यावी.

भाचीला मी हनोईचं सगळं वर्णन ऐकवलं. ती बाई, ती चाळणी, दोन झटके, रस्सा. चक्रफुलाचंही सांगितलं. म्हटलं, खडा मसाला गोलाईत आहे, तांदूळ आहे, कोथिंबीर आहे, कोंबडी आहे. या चौकात कुणी फोची गाडी टाकली तर?

तिनं लिंबाची फोड पिळून घेतली, घड्याळात बघितलं. ''चालंल की मामा. पोरं खातील. पण सूप पिऊन कुणाचं पोट भरतंय? संगं राइस द्यावा लागंल.''

आणि सॅक पाठीला लावून ती क्लासला पळाली.